चार टेबलं लांब, तीन टेबलं रुंद

४ जानेवारी

बारक्या,

वर आशीर्वाद लिहिलेला नाही हे तुझ्या लक्षात आलं असेलच. तो लिहायचा की नाही ते अजून ठरलेलं नाही. हे पत्र फक्त माहितीसाठी आहे. एखाद्या ऑफिसातून आलंय असं समज.

माहिती अशी, की आपलं हॉटेल या महिन्यात पाडायचं आहे. पाडून त्याच जागी नवं बांधायचं. भटारखान्याची मागची भिंत फुगली होती. पालिकेचा माणूस आला, भिंतीवर हात ठेवला, लगेच काढून घेतला आणि मला म्हणाला, "बाई, तुम्ही इथं रोज उभ्या राहता?" मी म्हटलं, पहाटे पाचपासून. त्यानं दुसऱ्याच दिवशी नोटीस पाठवली. आता तू म्हणशील, मी एकोणीस वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. म्हण खुशाल. तिकडे बसून म्हण, मला इथं ऐकू येत नाही.

तात्या म्हणत होते, फोन करा की, नंबर आहे माझ्याकडे. आपले वाढपी तात्या रे. त्र्याहत्तर वर्षांचे झालेत, अजून एका हातावर चार बशा नेतात आणि अजून दुसऱ्याच्या घरात नाक खुपसतात. मी म्हटलं, फोनवर मी ओरडते आणि तो फोन ठेवून देतो, हे दोनदा झालंय. कागदावर मला ओरडता येत नाही.

चव्वेचाळीस वर्षांत आपण फक्त नऊ दिवस बंद ठेवलं. बाबा गेले तेव्हा तीन, आई गेली तेव्हा चार, आईचा हात भाजला तेव्हा एक, आणि एकदा पाण्याची मोठी लाइन फुटली म्हणून एक. या रस्त्यावर तीन हॉटेलं आली नि गेली. एकात तर गाद्यांच्या खुर्च्या होत्या आणि चहा विचारून करायचे, साखर किती, दूध किती. आपल्याकडे कोणी विचारत नाही, कारण कोणाला काय लागतं ते आम्हाला ठाऊक असतं. छापखान्यातले लोक, दवाखान्यातल्या नर्सबाया, पोस्टमन, सगळे त्या गाद्यांवर एकेकदा बसून परत आपल्या लाकडी बाकांवर आले. हे मी बढाई मारायची म्हणून लिहीत नाही. लिहितेय खरं तर बढाई मारायलाच, पण खोटं नाही.

बाकी सगळं ठीक. तुझ्याकडून काही नको आहे.

ताई


२१ जानेवारी

बारक्या,

उत्तर आलं नाही. मीही मागितलं नव्हतं, तेव्हा तुझा दोष नाही.

परवा हॉटेल पाडलं. मला वाटलं होतं आठवडा तरी लागेल. अर्ध्या दिवसात भुईसपाट. सकाळी नऊला मुकादम आला आणि जेवायच्या सुट्टीपर्यंत पलीकडच्या टेलरमास्तरांचं दुकान आपल्या शेगडीच्या जागेवरून दिसायला लागलं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी मुकादमाला म्हटलं, जरा हळू पाडा की, काय घाई आहे. तो बिचारा म्हणाला, "मावशी, भिंतीच हळू नाहीत, आम्ही काय करणार." भिंती नुसत्या चिकटून उभ्या होत्या म्हणे. शेगडीमागच्या भिंतीवर रंगाचे सात थर निघाले. सगळ्यात आतला हिरवा. तो बाबांनी स्वतः दिलेला, माझं वय तेव्हा सतरा होतं आणि ब्रश मी धुतले होते.

पाडायच्या आदल्या दिवशी गिऱ्हाइकांना म्हटलं, ज्याला जे हवं ते न्या. पोस्टमननं टोपी अडकवायची खुंटी नेली. दोन नर्सबायांनी मिळून बाक नेला, दवाखान्यात आता रात्रपाळीची माणसं त्यावर टेकतात. टेलरमास्तरांनी खिडकीतलं टेबल नेलं, कापड कापायला. सगळी टेबलं गेली. दाराजवळचं तेवढं कोणी नेईना, ते माझ्या घरी आणलंय. त्यावर बसूनच हे लिहितेय. तू शाळेचा अभ्यास याच्यावरच करायचास, त्याच्या पायाशी कर्कटकानं केलेले उद्योग अजून तसेच आहेत.

लोक रडत होते. मी नाही रडले. मी चहा करत होते.

नवीन बांधकामाला एक इंजिनियरबाई आहे. वय तिशीचं असेल, बूट माझ्या गुडघ्यापर्यंत येतील एवढे, आणि बोलणं एकदम रोखठोक. मला आवडली. पण तिनं काढलेला नकाशा बघितला आणि माझं डोकं फिरलं. बसायला प्रशस्त जागा, काचेची दारं, आणि भटारखाना एका कोपऱ्यात, आपल्या पूर्वीच्यापेक्षा लहान. मी विचारलं, जेवण आकाशातून पडणार आहे का? ती म्हणाली, मग तुम्हीच सांगा कसा हवा. मग मी तिला एक जुना कागद दिला. होता कुठेतरी गल्ल्याच्या खणात. बरा होता कागद. तिनं तो उजेडाकडे धरला आणि म्हणाली, "हे कोणी काढलं? ज्यानं काढलंय त्यानं भटारखान्यात राबणाऱ्या माणसाचे हाल जवळून बघितलेत."

मी म्हटलं, आहे एक ओळखीचा.

ताई


२ मार्च

बारक्या,

आज मला तुझ्याकडून काहीतरी हवं आहे, म्हणून आशीर्वाद वर लिहितेय: सुखी राहा, पोटभर जेवत जा. लाच समजलास तरी चालेल.

तो कागद तुझाच आहे. तुला हे आधीच कळलं असेल. एकोणीस वर्षं तो गल्ल्याच्या खणात होता, बिलांच्या जुन्या वह्यांखाली. त्यावर सूप सांडल्याचा डाग आहे, तो त्या दिवशीचाच. मी पुसला होता पण गेला नाही. कधीतरी काढून बघायचे. म्हणजे, वर्षातून एकदोनदा. बरं, जास्त वेळा.

तर त्या कागदावरून नवीन हॉटेल बांधतोय. दोन दारांचा भटारखाना, एकानं आत यायचं, दुसऱ्यानं बाहेर पडायचं. ताट द्यायची खिडकी वेगळी. शेगडी मागच्या भिंतीला न लावता मधोमध. इंजिनियरबाईनं एक रेघ बदलली नाही, फक्त रस्ता रुंद होणार म्हणून पुढची पट्टी गेली, तेवढी बसायची जागा कमी केली. पण मापांपाशी गाडी अडली. तू सगळी मापं टेबलांत लिहिली आहेस. भटारखाना चार टे. लांब, तीन टे. रुंद. ती विचारायला लागली, टे म्हणजे काय, कुठलं परदेशी माप आहे का? मी हसून हसून बेजार झाले. तिला सांगितलं, आमच्या बाबांना फूट, इंच कधी पटले नाहीत. हॉटेलवाल्याची जागा म्हणजे त्यात किती टेबलं मावतात तेवढी, असं ते म्हणायचे. आपल्या घरची खोलीसुद्धा ते तीन टेबलांची म्हणून सांगायचे.

तू शिकून आला होतास. तुला फूट लिहिता आले असते. मला वाचता यावं म्हणून तू टेबलं लिहिलीस, हे मला आत्ता, त्या बाईला समजावून सांगताना, डोक्यात शिरलं. पण ते असो.

तिनं विचारलं, टेबल केवढं? मी म्हटलं, हे काय, माझ्या घरीच आहे, घ्या मोजून. सव्वातीन फूट भरलं. त्यावरून मुकादमानं पांढऱ्या फक्कीनं जमिनीवर रेघा मारल्या, कुठं भिंत येणार ते कळावं म्हणून. काल मी त्या रेघांच्या आत जाऊन उभी राहिले. हातात पातेलं आहे असं धरलं, शेगडीवरून उचललं, खिडकीकडे वळले, आणि माझं कोपर रेघेच्या पलीकडे. पुन्हा वळले, पुन्हा पलीकडे. मुकादम बघत होता, त्याला वाटलं बाईला ऊन लागलं. पण मी चाळीस वर्षं पातेली उचलतेय, माझ्या कोपराला कळतं.

घरी आले आणि टेबलाकडे नीट बघितलं तेव्हा उजेड पडला. हे टेबल बाबांनी कापलंय. दार उघडलं की त्याला लागायचं, म्हणून त्यांनी एका बाजूनं वीतभर करवतलं होतं. मी साफ विसरले होते. धावत टेलरमास्तरांकडे गेले, त्यांचं कापड बाजूला करून खिडकीतलं टेबल मोजलं. चार फूट. म्हणजे चार टेबलांमागे तीन फुटांचा फरक. एका मापानं भटारखाना होतो आणि दुसऱ्यानं कोंडवाडा.

इंजिनियरबाई म्हणते, मोठं माप धरलं तर बसायची जागा आणखी कमी होईल, दहा माणसं बाहेर राहतील, आणि जर त्या माणसाच्या मनात ते नसेल तर? तो तर बसायचा कापलेल्या टेबलावर, असं तुम्हीच सांगता. ज्यानं काढलंय त्यालाच विचारा. मी म्हटलं, त्याला विचारता येणार नाही. ती म्हणाली, का, वारला का? मी म्हटलं, जीभ आवरा, माझा धाकटा भाऊ आहे तो.

तोंडातून निघून गेलं. आता सगळ्या साइटवर माहीत झालंय.

तर सांग, कुठलं टेबल? पुढच्या सोमवारनंतरच्या सोमवारी पाया खणायचा आहे. एवढंच लिहून पाठव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

ताई


१६ मार्च

बारक्या,

तुझं कार्ड मिळालं. "खिडकीतलं. चार फूट. दाराजवळचं धरू नकोस, ते बाबांनी कापलंय. गिऱ्हाईक दहा मिनिटं रस्त्यावर थांबेल, तू दिवसभर आत असतेस." वर नाव नाही, खाली नाव नाही. टपालानं आलं म्हणून बरं, नाहीतर वाटलं असतं वाण्याची चिठ्ठी आहे. पण ते शेवटचं वाक्य मी तात्यांना दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा त्यांनीच मागून घेतलं.

पाया खणला. मोठ्या मापाचा. मुकादमानं फक्की पुन्हा मारली, मी पुन्हा पातेलं घेऊन वळले, या वेळी खरंखुरं, रिकामं. कोपर कुठेच लागलं नाही. सगळे मजूर काम टाकून बघत होते आणि एकानं शिट्टी वाजवली. या वयात शिट्टी मिळाली, लिहून ठेव.

आता दुसरी गोष्ट. ही मी आज लिहिली नाही तर कधीच लिहिणार नाही, म्हणून दार लावून बसलेय.

तू त्या दिवशी भर जेवणाच्या वेळी कागद टेबलावर पसरलास आणि म्हणालास, "ताई, हे एकाच दारानं आतबाहेर करणं बंद करायला हवं. या दारानं आईचा हात घेतला." अख्खं हॉटेल ऐकत होतं. आणि मी तुला काय काय बोलले ते तुला पाठ असेल. तू इथं फक्त जेवलास, राबले मी. दोन वर्षं शिकून दारं मोजायला आला. चालता हो. लोकांना वाटलं ताईला हॉटेल पाडायची गोष्ट झोंबली. तुलाही तेच वाटलं असणार. तसं नव्हतं.

आई सगळ्यांना सांगायची, माझा पाय घसरला, पातेल्यावर पडले. घसरला नव्हता. पातेलं माझ्या हातात होतं.

तुला आठवत असेल, तेव्हा एकाच दारानं आतबाहेर चालायचं, म्हणून आत येणारीनं "आले" म्हणून ओरडायचं असा नियम होता. आणि आईची जुनी सवय, आपण सगळे ज्याला आलं म्हणतो त्यालाही ती आलेच म्हणायची. त्या दिवशी चहाला टाकायचं आलं संपत आलं होतं, सकाळपासून ती दोनदा विचारून गेली होती. मी उकळत्या पाण्याचं पातेलं उतरवत होते. बाहेरून तिचा आवाज आला, "आले." मला वाटलं, मागतेय. मी म्हटलं, "देते," आणि पातेल्यासकट दाराजवळच्या फळीकडे वळले. ती त्याच दारातून आत येत होती.

एवढंच झालं. एका शब्दानं झालं. दुसऱ्या कोणाच्या घरात हे झालंच नसतं.

दवाखान्यातून आली तीच सांगत आली, पाय घसरला. माझ्याकडे बघितलंही नाही, म्हणजे मी नाही म्हणू नये. मी नाही म्हटलं नाही. पुढं दहा वर्षं ती गल्ल्यावर बसली, डाव्या हातानं सुटे पैसे द्यायची, आणि उजवी मूठ शेवटपर्यंत पूर्ण मिटली नाही. दुसऱ्या दिवसापासून मी नियम बदलला. "आले" बंद, "वाट" म्हणायचं. गिऱ्हाइकांना ती आपली जुनी पद्धत वाटते, कौतुकानं पाहुण्यांना दाखवतात. पोस्टमनचा नातू घरात "वाट, वाट" करत फिरतो. मी मात्र तो शब्द ऐकला की आधी दाराकडे बघायचे.

म्हणून तू दार म्हणालास, तेव्हा मला ऐकू आलं, ताई, तू. तू हात घेतलास आईचा. भर गिऱ्हाइकांत. तू तसं म्हणाला नव्हतास, हे मला संध्याकाळी भांडी घासताना कळलं होतं. म्हणजे एकोणीस वर्षांपूर्वीच्या त्याच संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी स्टेशनवर यायचं मनात होतं. आले नाही. मग आठवडा गेला, मग महिना, मग मान ताठ ठेवायची सवयच लागली. आई गेली तेव्हा तू चार दिवस होतास, माझ्याशी हो आणि नाही एवढंच बोललास. मला वाटलं, बरंच आहे, जास्त बोललो तर बाहेर येईल.

आता आलंय. काय समजायचं ते समज. माझ्याकडून तुझं वाईट झालं आणि आईचंही. हॉटेल चालवलं त्याचा मला अभिमान आहे, ताठ मानेनं सांगेन कुठेही. ही एक गोष्ट मात्र मान खाली घालून सांगतेय.

तुझी ताई


२० मे

बारक्या,

दोन महिने झाले. कार्डसुद्धा नाही. मी रागावले नाही, तू रागावला असशील तर तो तुझा हक्क आहे. पोस्टमन आता माझ्या दारावरून जाताना खाली बघून जातो. मीच त्याला थांबवून म्हटलं, अहो, वर बघून चला, पत्र नाही तर नाही, खांबाला आपटाल.

भिंती उभ्या राहिल्या. स्लॅब पडला. तुला माहितीसाठी लिहिते, म्हणजे पहिल्या पत्रासारखं नव्हे. खरंच सांगावंसं वाटलं म्हणून.

इंजिनियरबाई दुसऱ्या साइटवरची दोन माणसं घेऊन आली होती, भटारखाना दाखवायला. शेगडीच्या जागेवर उभी राहून त्यांना सांगत होती, की वाढणारा आणि शिजवणारा इथं एकमेकांना कधी आडवेच येत नाहीत. दिवसभरात काही शे पावलं वाचतात म्हणे. एकानं विचारलं, डिझाइन कोणाचं? ती माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, माझ्या भावाचं. बावीस वर्षांचा असताना काढलंय. आज तो मोठाल्या इमारतींचे नकाशे काढतो, पण हा त्याचा पहिला, आणि मीच त्याला तेव्हा हाकलून दिलं होतं. मुकादम म्हणाला, "मावशी, हे शेवटचं नसतं सांगितलं तरी चाललं असतं." मी म्हटलं, मला नसतं चाललं.

तात्यांना आत बाहेरची दारं पाठ होत नाहीत. रिकाम्या हॉलमध्ये रोज येऊन सराव करतात. कोणी नसताना स्वतःशीच "वाट" म्हणून ओरडतात आणि मग ओशाळतात.

६ ऑगस्टला सकाळी सहाला उघडतोय. आमंत्रण नाही. हॉटेलात यायला आमंत्रण लागत नाही. रस्ता तुला माहीत आहे, दारं दोन झाली आहेत, चुकून भटारखान्याच्या दारानं आलास तरी कोणी अडवणार नाही.

तुझी ताई


६ ऑगस्ट, सकाळी साडेनऊ, गल्ल्यावरून

बारक्या,

हे बिलाच्या वहीच्या पाठीवर लिहितेय, अक्षर लागलं नाही तर तात्यांना विचार. तू खिडकीच्या टेबलावर बसला आहेस आणि मी इथं. तुझ्यापुढचा चहा संपलाय. पोस्टमन तुझ्याकडे बघून बघून आपलं ऑम्लेट गार करतोय.

तू साडेआठला आलास तेव्हा मी ओळखलंच नाही, हे आधी कबूल करते. केस पांढरे झालेले आणि चष्मा. मी तुला म्हटलं, "बसा, आणते." मग तू भटारखान्याच्या दारात गेलास, आत यायच्या दारानं आत गेलास आणि बाहेर पडायच्या दारानं बाहेर आलास, अगदी मोजून, आणि मी शेगडीशी उभी राहून बघत राहिले. त्या चालीवरून ओळखलं. बाबा असेच चालायचे, टेबलं मोजत.

मी म्हटलं, पत्र मिळालं होतं ना? तू म्हणालास, मिळालं होतं. मी म्हटलं, मग? तेव्हा तू जे बोललास ते मी इथं लिहून ठेवते. उद्या मला वाटायला नको की मीच रचलं.

तू म्हणालास, "ताई, मला माहीत होतं. आईनं मला दवाखान्यातच सांगितलं होतं. म्हणाली, तुला माहीत आहे हे तिला कधी कळू देऊ नकोस, नाहीतर ती पुन्हा शेगडीशी उभी राहणार नाही. आणि म्हणाली, तू शिकतोयस ना, मग ते दार बदल. म्हणून दार म्हटलं होतं. चूक दाराची ठरावी म्हणून."

मग मी काय केलं? "बस, चहा पाठवते," म्हणून इकडे पळाले. असं करणारी मी. साठी उलटलेली, या रस्त्यावरचं एकमेव टिकलेलं हॉटेल चालवणारी.

अरे गाढवा, एकोणीस वर्षं. आईला शब्द दिला म्हणून मी तुला हाकललं तरी तू तोंड उघडलं नाहीस. मी चालता हो म्हटलं आणि तू चालायला लागलास. आणि मी मात्र सगळ्यांना सांगत फिरायचे, माझा भाऊ अतिशहाणा आहे, त्याला माणसं कळत नाहीत.

आईनं माझं रक्षण करायचं काम तुझ्यावर टाकलं, माझ्याहून वीस वर्षांनी लहान पोरावर. आणि तू ते केलंस. मला सकाळपासून या नव्या भिंतींचा अभिमान वाटत होता, या खिडकीचा, या उजेडाचा. दीडशे माणसं खाऊन गेली, एकही बशी फुटली नाही, तात्या एकदाही कोणाला धडकले नाहीत. आता यातलं काहीच सुचत नाही. फक्त तुझा अभिमान वाटतो. हे मी तोंडानं बोलायला गेले तर अख्ख्या हॉटेलला ऐकू जाईल, आणि समोर टेलरमास्तर बसलेत, ते महिनाभर सांगत फिरतील.

हा कागद तात्यांच्या हाती देतेय. मला आत्ता गल्ल्यावरून उठता येत नाही. गिऱ्हाईक आहे म्हणून नाही, तुझ्यासमोर कसं यायचं ते कळत नाही म्हणून.

याला उत्तर लिहू नकोस. आठ पावलांवर आहे मी. उठून ये.

ताई